आमचा निजाम आणि नगरचा रामा शेट्टी

मी खर्ड्याचा, असं सांगितलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचा धंदा ओळखता येतो. कचेरीतला कारकून असेल तर तो ‘कच्चा खर्डा की मंजूर झालेला?’ असं विचारून स्वतःच हसतो. कोल्हापूरकडचा असेल तर त्याला हिरव्या मिरचीचा खर्डा आठवतो आणि तोंडाला पाणी सुटल्यामुळे पुढचं बोलणंच बंद पडतं. आणि इतिहासाचा मास्तर असेल तर तो ‘1795! मराठ्यांचा शेवटचा मोठा विजय!’ असं म्हणतो. त्यातल्या ‘शेवटचा’ या शब्दावर तो असा काही जोर देतो, की पुढची सगळी पडझड आम्ही खर्डेकरांनीच केली असं वाटावं.

हे पुराण अशासाठी, की मला लिहायचं आहे ते सदाशिव अमरापूरकर या नटाबद्दल, आणि खर्ड्याच्या माणसाला काहीही सांगायचं झालं तरी ते 1795 वरूनच न्यावं लागतं. नगरला जाणारी एस.टी. जशी जामखेडला थांबल्याशिवाय पुढं जात नाही, तसंच हे.

माझं आजोळही खर्ड्यातच. लग्नानंतर सासरी जाताना आईला तीन गल्ल्या ओलांडाव्या लागल्या आणि तेवढ्यासाठी ती वेशीपर्यंत ऐकू जाईल इतकी रडली, असं आजी सांगायची. मामांचं पेठेत शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात टाचण्या, असा त्यांचा रोजचा अवतार. टाचण्यांमुळे ते दिवसभर फार बोलत नसत. त्याची सगळी भरपाई गणेशोत्सवात व्हायची.

गणेशोत्सवात आमच्या आळीचं नाटक ठरलेलं: खर्ड्याची लढाई. ते कोणी लिहिलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दरवर्षी प्रत्येक नट आपापल्या भाषणात चार वाक्यं घालत गेल्यामुळे ते लोकवाङ्मय झालं होतं. परशुरामभाऊ पटवर्धन व्हायला आठ जण तयार असत. नाना फडणीस व्हायला बारा. दौलतराव शिंद्यांवरून तर एकदा डोकी फुटायची वेळ आली होती, कारण दौलतराव घोड्यावरून आले असं म्हणायची सोय होती. निजाम व्हायला मात्र कोणी नाही. निजाम हरतो. तोही साधासुधा हरत नाही. रात्री माघार घेतो, आमच्याच गावच्या किल्ल्यात शिरतो आणि शेवटी तीन कोटींचा तह कबूल करतो. शिवाय पुढं महिनाभर पोरं रस्त्यानं मागं लागतात ते वेगळंच.

ही भूमिका मामांकडे आली ती केवळ निजामाचा अंगरखा त्यांनी शिवला म्हणून. अंगरखा त्यांनी स्वतःच्या मापानं शिवला, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाला होईना. (हे त्यांनी मुद्दाम केलं असावं, असा मला म्हातारपणी संशय येऊ लागला आहे.) त्यानंतर मामा वीसेक वर्षं निजाम होते. हैदराबादेतसुद्धा एवढी सलग कारकीर्द सगळ्यांच्या वाट्याला आली नसेल.

खलनायक कसा असावा याबद्दल मामांची मतं पक्की होती. खलनायकानं आधी डोळे काढायचे, मग आवाज काढायचा आणि मग हसायचं. हसणं तीन हप्त्यांत: पहिला हप्ता नाकातून, दुसरा घशातून, आणि तिसरा पोटातून. तिसऱ्या हप्त्याला पहिल्या रांगेतलं एखादं पोर रडलं पाहिजे. रडलं नाही तर मामा चौथा हप्ता काढत. जत्रेतल्या तंबूत जो सिनेमा यायचा, त्यातले खलनायकही याच शाळेतले असल्यामुळे मामांच्या मताला वरून दुजोरा मिळत असे.

अशात ‘अर्धसत्य’ आला. 1983 चा सिनेमा. आम्ही पाहिला तो त्यानंतर काही महिन्यांनी, नगरला. मामांना अस्तराचं कापड आणि बटणं आणायची होती, मला कॉलेजचं काहीतरी काम होतं. बाजारात कापडवाल्यानं सांगितलं, ‘बघून जा. त्यात जो व्हिलन आहे ना, तो आपल्या नगरचा पोरगा.’ झालं. बटणं बाजूला राहिली. नगर जिल्ह्याचा माणूस हिंदी सिनेमात खलनायक झाला ही बातमी मामांना धंद्यातल्या माणसाला बढती मिळाल्यासारखी वाटली. तिकिटं त्यांनी स्वतः काढली, आणि माझ्या आठवणीत तरी तसं ते एकदाच झालं.

आता हा ‘नगरचा पोरगा’ काही एका रात्रीत तिथं पोचला नव्हता. 1950 चा जन्म, शिक्षण इतिहासाचं एम.ए., आणि मराठी रंगभूमीवर बरीच वर्षं घासलेली. सिनेमात पहिलं काम केलं ते ‘22 जून 1897’ मध्ये, 1979 साली, आणि तेही कोणाचं, तर लोकमान्य टिळकांचं! पुढं ‘हँड्स अप’ हे नाटक जोरात चाललं. त्यात भक्ती बर्वे, अविनाश मसुरेकर आणि हे. ते नाटक गोविंद निहलानींनी पाहिलं आणि रामा शेट्टी सापडला. मजा बघा, नाटक पोट धरून हसवणारं आणि त्यातून उचलला तो माणूस अंगावर काटा आणण्यासाठी. निहलानींच्या नजरेला नमस्कार केला पाहिजे. आम्ही त्या जागी असतो तर ‘विनोदी कामं चांगली करतो हो’ म्हणून हॉटेलातल्या नोकराची भूमिका दिली असती.

‘अर्धसत्य’ची कथा श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’वरून घेतलेली, पटकथा विजय तेंडुलकरांची. वेलणकर नावाचा फौजदार, म्हणजे ओम पुरी, सबंध सिनेमाभर आतल्या आत उकळत असतो. रामा शेट्टीला तसे प्रसंग किती? बोटांवर मोजावेत इतके. पण तो काय करतो? काहीच करत नाही. बसतो. बघतो. आपल्या वर कोण आहे आणि खाली कोण आहे याची पूर्ण खात्री असलेला माणूस जसा बोलतो, तसा बोलतो. वेलणकरच्या कमरेला पिस्तूल, अंगावर खाकी, मागं सगळं सरकार. आणि समोर हा निवांत माणूस. तरीही खुर्चीतून पडण्याची भीती वाटते ती वेलणकरची. शेवटी वेलणकर याच्याच दारात मदत मागायला येतो, तेव्हा रामा शेट्टीला जो आनंद होतो, तोसुद्धा बेतानं होतो. गिऱ्हाईक परत येणार हे दुकानदाराला ठाऊक असतंच, तसा.

मी भारावून गेलो होतो. मामा गप्प. येताना एस.टी.त बसले ते जामखेडपर्यंत गप्प. (टाचण्या तोंडात नव्हत्या, मी पाहिलं.) जामखेडला गाडी चहाला थांबली तेव्हा म्हणाले,

‘आरं, त्यो वरडला कुठं?’

‘नाही ओरडला, मामा.’

‘हसला तरी का?’

‘थोडासा हसला.’

‘येकच हप्ता,’ मामा खिन्नपणे म्हणाले. ‘पिच्चरवाल्यांनी पोराला डायलॉक दिलं न्हाईत बघ. नगरचं म्हणून दाबलं.’

गाडी सुटली. खर्ड्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा ते पुन्हा म्हणाले, ‘पर एक सांगू का? मला निजामाचं भ्या कधीच वाटलं न्हाई. ह्याचं वाटलं. ह्यो आपल्या वळखीचा हाये.’

माझ्या मते रामा शेट्टीवर मी आजवर जे काही वाचलं, त्यात एवढी नेमकी समीक्षा नाही. 1984 साली या भूमिकेला सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा लोकांनी पुष्कळ लिहिलं, पण ‘ओळखीचा’ हा शब्द कोणाला सुचला नाही. तोवर हिंदी खलनायक राहायचा कुठं? समुद्राखालच्या गुहेत, नाहीतर लाल दिवे लुकलुकणाऱ्या तळघरात. तो आपल्या गावी येण्याची शक्यता नव्हती, कारण गावात वीजच नव्हती. अमरापूरकरांनी त्याला तळघरातून काढून बाजारपेठेत आणून बसवलं. आता तो कुठंही भेटू शकत होता. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसू शकत होता. ‘काय म्हणतंय शेतपाणी?’ असं विचारू शकत होता आणि त्या विचारण्यानंच आपल्याला घाम फुटू शकत होता. असा माणूस जिल्ह्याच्या गावात वाढलेल्या नटालाच सापडतो. तालुक्याला जो खरा जबरदस्त असतो, तो कधी आवाज चढवत नाही. आवाज चढवणारे त्याचे पगारी असतात.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मामांनी जे केलं, ते आळीत अजून काढतात. पडदा उघडला. निजाम लोडाला टेकून बसलेला. डोळे काढले नाहीत, आरोळी नाही, हप्ते नाहीत. निजाम शांतपणे विडा लावत होता. सुपारी कातरली. चुना लावला. परशुरामभाऊंचा वकील पुढं येऊन तावातावानं चौथाईबद्दल बोलत होता आणि निजाम पानाच्या शिरा काढत होता. मागून पहिली हाक आली, ‘आवाज!’ मग दुसरी, ‘निजामाला झोप लागली का रं?’ मामांनी मान वर करून तिकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पानाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, ‘वकीलसाहेब, बसा की. उभ्यानं कशाला मरता?’

पहिल्या तीन रांगांना ते ऐकू गेलं. तिथं एकदम सामसूम झाली. चौथ्या रांगेपासून पुढं कोणालाच काही ऐकू न गेल्यामुळे तिकडं शेंगा फुटायला लागल्या. अंक संपेपर्यंत निम्मा मांडव घाबरलेला आणि निम्मा मांडव खवळलेला, अशी अवस्था होती. मंडळानं दुसऱ्याच दिवशी ठराव केला की पुढील वर्षापासून निजामानं ओरडावं. मामा म्हणाले, ‘माईक लावा.’ मंडळ म्हणालं, बजेट नाही. मात्र पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या आजीनं त्या रात्री आपल्या सख्ख्या लेकाला ताट वाढताना दोनदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सांगायचा मुद्दा हा, की मामांच्या बाबतीत मंडळानं जे केलं, तेच अमरापूरकरांच्या बाबतीत हिंदी सिनेमानं केलं. ओरडा म्हणाले. फरक इतकाच, की त्यांच्याकडे माईकही होता आणि बजेटही होतं. 1987 साली धर्मेंद्रबरोबरचा ‘हुकूमत’ तुफान चालला आणि मग रांगच लागली. ‘मोहरे’, ‘खतरों के खिलाडी’, ‘ऐलान-ए-जंग’. प्रत्येक सिनेमात नवा टोप, नवी लकब, पुन्हा पुन्हा म्हणायचं एक वाक्य. इथं मला 1795 पुन्हा आणावं लागतं, क्षमा करा. खर्ड्याला मराठे जिंकले मार्चमध्ये. ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, आणि त्या विजयाचं काय करायचं हे कोणाला समजायच्या आत आपसांत जुंपली. जिंकणं सोपं असतं असं नाही, पण जिंकल्यानंतरच्या सकाळी काय करायचं हे त्याहून अवघड. ‘अर्धसत्य’ हा अमरापूरकरांचा खर्डा. त्यांनी तो जिंकून दिला, पण त्या विजयाचं काय करायचं ते हिंदी सिनेमाला कळलं नाही.

मामा हे शिंप्याच्या भाषेत सांगत. ‘हुकूमत’ पाहून आले आणि म्हणाले, ‘कापड उंची, पर माप दुसऱ्याचंच घेतलंय. कुठंबी टोचंना, म्हून कुठंबी बसंना.’ पण गंमत अशी, की हे म्हणणाऱ्या मामांनी तो सिनेमा तीनदा पाहिला, आणि शिट्टी वाजवणाऱ्यांत मीही होतो. रामा शेट्टीला आमच्या तंबूत कोणी शिट्टी वाजवली नसती. तेव्हा सगळा दोष मुंबईला देऊन मोकळं होता येत नाही. चौथ्या रांगेपासून मागं बसून ‘आवाज!’ म्हणून ओरडणारे शेवटी आम्हीच.

बरं, नटानंही संसार करायचा असतो. नाटकाच्या नाईटवर घर चालत नाही, हे कोणी सांगायला नको. आणि ज्या साली ‘अर्धसत्य’ आला, त्याच सुमारास तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ रंगमंचावर आलं ते अमरापूरकरांच्या दिग्दर्शनात. म्हणजे माणूस काय दर्जाचं काम करू शकतो हे जगाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सिनेमाला त्यांच्यातला दिग्दर्शक नको होता. सिनेमाला डोळे हवे होते.

मधेच 1991 साली ‘सडक’ आला. महेश भटांनी त्यांना ‘महाराणी’ केलं: कोठा चालवणारी तृतीयपंथी व्यक्ती. टिळकांपासून महाराणीपर्यंत बारा वर्षांत पोचलेला दुसरा नट मला माहीत नाही. या भूमिकेत ते ओरडले, हसले, डोळे काढले, म्हणजे मामांच्या जुन्या शाळेतलं सगळं केलं. पण त्याखाली ‘अर्धसत्य’मधली ती थंडगार खात्री शाबूत होती. साडीचा पदर सावरण्याची पद्धतसुद्धा हुकूम सोडल्यासारखी. फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, आणि तो पहिल्यांदा मिळाला तो या महाराणीला. आज तो सिनेमा बघताना मात्र एक गोष्ट खुपते. आधीच उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसांना आणखी भीतिदायक करून ठेवण्यात त्या भूमिकेचाही हात लागला असणार. नट इतका चांगला नसता, तर एवढं नुकसान झालं नसतं. त्या वेळी हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मामांनी फक्त ब्लाऊजची बाही बरोबर बसली आहे एवढं सांगितलं.

पुढं विनोदी कामं आली. डेव्हिड धवनच्या ‘आँखें’त आणि ‘कुली नं. 1’मध्ये. ‘कुली नं. 1’मधला लग्नं जुळवणारा शादीराम घरजोडे आठवा. तिथं ‘हँड्स अप’वाला नट परत आलेला दिसतो, वेळ अचूक, चेहरा साळसूद. पण मला विचाराल तर त्या काळातलं त्यांचं खरं काम मराठीत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’मध्ये, 1995 साली, त्यांनी मामा केला. मोडून पडलेल्या घराला मदत करायला आलेला हा मामा भाचीला मुंबईला घेऊन जातो, आणि कुठं घेऊन जातो ते कळल्यावर आपल्या पोटात गोळा येतो. तो राक्षस नाही. त्याला बहुधा ते करताना वाईटही वाटतं. पुन्हा तोच, ओळखीचा माणूस. माझे मामा हा सिनेमा अर्ध्यातून उठले. म्हणाले, ‘मामा लोकांची बदनामी हाये.’ पण त्या रात्री ते माझ्या बहिणीकडे जाऊन, विनाकारण, तिला चोळीचं कापड देऊन आले.

पडद्यावर एवढी पापं करून हा माणूस बाहेर काय करत होता? सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू, निळू फुले वगैरे मंडळींबरोबर ‘लग्नाची बेडी’चे दौरे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभा. हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक होतं. मग आला 2013 चा उन्हाळा. त्या वर्षी दुष्काळ असा, की टँकरची वाट बघणं हाच आमच्याकडचा मुख्य उद्योग झाला होता. हंड्यांची रांग रात्रीच लागायची. आमच्या मामांचा हंडा त्यात निजामाच्या जुन्या अंगरख्याची चिंधी बांधून ठेवलेला असे, ओळखू यावा म्हणून. अशात धुळवडीनंतर पेपरात बातमी आली. मुंबईत वर्सोव्याला लोक पाण्याचे फवारे सोडून नाचत होते. अमरापूरकर खाली गेले आणि म्हणाले, राज्यात दुष्काळ आहे, पाणी वाया घालवू नका. त्यावर त्यांना मारहाण झाली. वय बासष्ट.

पेपर मी मामांना वाचून दाखवला, त्यांचे डोळे तोवर अधू झाले होते. दोनदा वाचायला लावला.

‘पाण्यासाठी?’

‘हो, मामा.’

‘आपल्या पाण्यासाठी?’

मी काही बोललो नाही. तिथं वाचलेलं पाणी काही खर्ड्याच्या हंड्यात पडणार नव्हतं. पण ‘आपल्या’ हा शब्द खोडावासा वाटला नाही.

‘पडद्यावर इतक्यांदा मार खाल्ला तवा आपुन टाळ्या वाजवल्या,’ मामा म्हणाले. ‘आता कुणी वाजवायच्या?’ आणि हंडा सरकवायला उठले, कारण रांग पुढं सरकली होती.

त्यानंतर दीडेक महिन्यानं ‘बॉम्बे टॉकीज’ आला. त्यातली दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या ‘पटोलबाबू फिल्मस्टार’वरून घेतलेली. नवाजुद्दीन सिद्दिकीनं त्यात फसलेला नट केलाय. त्याला सिनेमात काम मिळतं ते रस्त्यानं जाता जाता हिरोला धडकायचं, बस्स. एवढंसं. आणि त्याला शिकवायला त्याचा मेलेला गुरू येतो, कुठून, तर कचऱ्याच्या पिंपातून. तो गुरू अमरापूरकरांनी केला. आवाज न चढवता, चिडचिड करत, अस्सल मराठीत. पंचवीस-तीस वर्षं ओरडायला लावलेला नट पिंपातून उठून पुन्हा हळू बोलायला लागला. मी हा सिनेमा मुलाच्या घरी, पुण्यात पाहिला आणि लगेच मामांना फोन लावला. सगळी गोष्ट सांगितली. पलीकडून बराच वेळ काही नाही.

‘मामा? ऐकू येतंय ना?’

‘येतंय,’ मामा म्हणाले. ‘हळूच बोलला म्हनतोस?’

‘हो. अगदी हळू.’

‘आन मागच्या रांगंला ऐकू गेलं?’

मी म्हणालो, आता थेटरात माईक असतात मामा, सगळ्यांना ऐकू जातं.

3 नोव्हेंबर 2014 ला अमरापूरकर गेले. अंत्यसंस्कार नगरला झाले. मामांना जायचं होतं, पण गुडघे साथ देईनात आणि एवढ्या लांबचा एस.टी.चा प्रवास झेपला नसता. ते दुकानातच बसून राहिले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली होती. सुतळीची दाढी झुरळांनी खाल्ली होती. अंगरखा मात्र, एक कोपरा फाटलेला सोडला, तर धड होता. मामांनी तो झटकला, माझ्या खांद्याला लावून पाहिला, टेप काढली आणि म्हणाले, ‘छातीत दोन इंच सोडावं लागंल. हात वर कर.’